विशेष शिक्षक कसा घडतो? दोन वर्षांच्या प्रशिक्षणात नेमकं काय असतं

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी सगळ्या राज्यांना बजावलं की विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षकांची पदं ठरवा, ती जाहीर करा आणि भरती सुरू करा. अशी बातमी आली की गोव्यातही विचारणा सुरू होते. बारावी झालेली मुलगी विचारते, हा कोर्स कुठे करतात? साधं बी.एड. केलेली विचारते, मला त्या जागेसाठी अर्ज करता येईल का? आणि ज्यांचं स्वतःचं मूल विशेष आहे ते आईवडील विचारतात, शाळेत जी ‘स्पेशल टीचर’ येते तिला नेमकं काय येत असायला हवं?

तिघांनाही आधी एकच गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे या शिक्षकाचं प्रशिक्षण. विशेष मुलांना शिकवणारी बाई भेटली की लोक हमखास म्हणतात, “बाई, तुमच्या संयमाला मानलं!” भावना चांगलीच असते. पण तिच्यामागे असा समज दडलेला असतो की हे काम मायेचं आहे, त्यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. हा समज मला घातक वाटतो. ज्यांना हे काम निव्वळ मायेचं वाटतं ते प्रशिक्षित माणूस मागत नाहीत, त्याला नीट पगार देत नाहीत आणि वर्षभरात मूल काय शिकलं हेही विचारत नाहीत.

## मुळात शिकवायचं कोणाला?

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, जिला बोलण्यात सगळे ‘एलडी’ म्हणतात, यांचा समावेश तेव्हा झाला. ज्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचा वैद्यकीय दाखला आहे, त्याला कायद्याच्या भाषेत मानक अपंगत्व असलेली व्यक्ती म्हणतात. बरेचसे हक्क आणि सवलती या टक्केवारीला बांधलेल्या आहेत.

आता एका वर्गातली तीन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकाला ऐकू येत नाही. दुसरा स्वमग्न आहे, मधल्या सुट्टीची घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरतो. तिसरी बोलायला चुणचुणीत, पण चौथीत आली तरी तिला साधं वाक्य वाचता येत नाही. तिघंही ‘विशेष गरजा असलेली मुलं’ या एकाच रकान्यात मोजली जातात. शिकवायला मात्र तिघांना तीन वेगळी कौशल्यं लागतात. पहिल्याला भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक हवा. दुसऱ्याला पुढे काय होणार ते आधी चित्रांतून दाखवणारं वेळापत्रक हवं आणि घंटेच्या आवाजावर काही उपाय हवा. तिसरीला वाचनाच्या मुळापासून पुन्हा शिकवणारं कोणीतरी हवं.

म्हणूनच विशेष शिक्षणाचा कोर्स सगळ्यांना एकच नसतो. प्रवेश घेतानाच शाखा निवडावी लागते: श्रवण, दृष्टी, बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बहुविकलांगता. सगळ्या शाखांची तोंडओळख प्रत्येकाला होते, पण हात बसतो तो निवडलेल्या शाखेत.

## साधं बी.एड. आहे, ते चालणार नाही का?

एकट्या त्याच्या जोरावर नाही. नेहमीच्या डी.एड. आणि बी.एड.वर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची देखरेख असते. विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, मान्यतेने चालतात. ही परिषद १९९२ च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झाली. तिचा मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण केला की केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालावं लागतं आणि क्रमांक मिळतो. या क्षेत्रातली माणसं त्याला ‘सीआरआर नंबर’ म्हणतात. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, असं त्या कायद्याचं तेरावं कलम सांगतं. दंड किरकोळ आहे. पण त्यामागे कायद्याने या कामाला अंगभूत गुण न मानता व्यवसाय मानलं आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुचाकीचा परवाना असला म्हणून कोणी आपल्याला कदंबाची बस चालवायला देत नाही. तसंच हे आहे. दुचाकी चालवणारा वाईट चालक असतो असं नाही. फक्त बसची परीक्षा त्याने दिलेली नसते. फोंड्याचं डॉ. दादा वैद्य महाविद्यालय किंवा पणजीची निर्मला इन्स्टिट्यूट यांनी गोव्याला शिक्षकांच्या पिढ्या दिल्या. साध्या बी.एड.मध्ये समावेशक शिक्षणावर एक विषयही असतो. त्याचा उपयोग वर्गात विशेष मूल आहे हे ओळखायला आणि त्याला सामावून घ्यायला होतो. ब्रेल शिकवायला किंवा न बोलणाऱ्या मुलाला संवादाचं साधन हातात द्यायला तो पुरणार नाही.

सहा महिन्यांचे, तीन महिन्यांचे, घरबसल्या प्रमाणपत्र देणारे कोर्स हल्ली पुष्कळ निघाले आहेत. पालकांनी समज वाढावी म्हणून ते केले तर काही बिघडत नाही. नोकरीसाठी पैसे भरणार असाल तर एकच प्रश्न विचारा: या कोर्सवर सीआरआर नंबर मिळतो का? उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठा.

## दार कुठून आहे?

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण. कला, वाणिज्य, विज्ञान, शाखा कुठलीही चालते. साधारणपणे पन्नास टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सूट असते. पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण, तेही दोन वर्षांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोख बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.कडे आहे. २०२४ च्या सुरुवातीला पुनर्वास परिषदेनेही विशेष बी.एड.साठी त्याच दिशेने जायचं ठरवलं. म्हणून मोठी बहीण ज्या कॉलेजात शिकली त्या कॉलेजाच्या जुन्या मान्यतेवर जाऊ नका. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी, तुमच्या शाखेला मान्यता आहे की नाही, ते परिषदेच्या यादीत पाहा.

या क्षेत्रातल्या राष्ट्रीय संस्था कुठे आहेत ते माहीत असावं. बौद्धिक अपंगत्वासाठी सिकंदराबादची संस्था आहे आणि तिचं एक केंद्र नवी मुंबईत आहे. श्रवणासाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दृष्टीसाठी देहरादूनची, बहुविकलांगतेसाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडूची. वाचा आणि श्रवण या विषयात मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेचं नाव मोठं आहे. घरचे मुलीला बाहेर पाठवायला कचरतात, हे खरं. पण ज्या संस्थेत मूल्यमापन करणारे तज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचा उपचारक आणि मुलं एकाच आवारात असतात, तिथलं शिक्षण वेगळंच असतं. जमत असेल तर पाठवा.

पहिली ते आठवीच्या सरकारी नोकरीसाठी याशिवाय शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते.

## दोन वर्षं शिकवतात तरी काय?

लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असतं ते हेच, म्हणून इथे जरा थांबू.

एक बारा वर्षांचा मुलगा आहे, बौद्धिक अपंगत्व असलेला. शाळेत आईला विचारलं, “यंदा त्याला काय आलेलं तुम्हाला आवडेल?” ती म्हणाली, “सकाळी पदेर आला की त्याने एकट्याने उंडे घ्यावेत.” पदेर म्हणजे गोव्यात दारोदार पाव विकणारा, आणि उंडे म्हणजे त्याच्याकडचे गोल पाव. ऐकायला ही अगदी साधी इच्छा आहे. प्रशिक्षण न झालेला शिक्षक मुलाला दोन-चार वेळा दाखवेल, समजावेल, मूल अडखळलं की स्वतःच करून टाकेल, आणि महिन्याभराने म्हणेल, “त्याला नाही जमणार.”

प्रशिक्षित शिक्षक त्या कामाचे तुकडे पाडतो. याला टास्क अॅनालिसिस म्हणतात. भोंपू ऐकून पदेर आला हे ओळखणं. पिशवी घेणं. ठरलेल्या डब्यातली नोट घेणं. गेटपाशी जाऊन रस्त्याच्या कडेला थांबणं. पदेराकडे पाहून “चार उंडे” म्हणणं. पिशवी पुढे करणं. उंडे मोजणं. नोट देणं. सुटे पैसे परत घेणं. पिशवी आणून ओट्यावर ठेवणं. आपण एका दमात करतो त्या कामात दहा पायऱ्या निघाल्या.

मग शिकवायला सुरुवात? अजून नाही. आधी दोन-तीन सकाळी फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही, आणि कुठली पायरी त्याला आधीच येते ते लिहायचं. समजा भोंपू तो ओळखतो, पिशवी घेतो, ती पुढे करतो आणि ओट्यावर आणून ठेवतो. म्हणजे ‘जमत नाही’ म्हणत होतो त्यातलं जवळजवळ निम्मं त्याला येतच होतं! अडचण बोलण्यात, मोजण्यात आणि पैशांत आहे. मूल मुळात कुठे आहे ते अशा तऱ्हेने पाहण्यासाठी तयार तपासणी याद्याही असतात. सिकंदराबादच्या संस्थेने भारतीय मुलांसाठी बनवलेली अशी यादी, जिला एफएसीपी म्हणतात, ती भरायला या कोर्समध्ये शिकवतात.

त्यानंतर मदतीची उतरंड ठरते. सगळ्यात जास्त मदत म्हणजे मुलाचा हात धरून करवून घेणं. त्याहून कमी म्हणजे खूण करणं. त्याहून कमी म्हणजे नुसतं तोंडाने सांगणं. आणि शेवटी काहीच न करणं. या मदतीला प्रॉम्प्ट म्हणतात. शिक्षकाचं कसब ती देण्यात जितकं आहे त्याहून जास्त ती वेळेवर काढून घेण्यात आहे. नेहमी हात धरला तर मूल हाताची वाट बघायला शिकतं. त्यामुळे रोज प्रत्येक पायरीसमोर नोंद होते: स्वतः केलं, खुणेने केलं, सांगून केलं की हात धरून.

आणि उद्दिष्ट लिहायचं ते असं: “तीन महिन्यांत, दर पाच सकाळींपैकी चार सकाळी, कोणी तोंडी न सांगता तो पदेराकडे ‘चार उंडे’ मागेल किंवा चाराचं कार्ड दाखवेल.” ‘व्यवहारज्ञान वाढवणे’ असं लिहिलं तर वर्षअखेर ते वाढलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मोजता येईल अशा उद्दिष्टांचा, मुलागणिक वेगळा असा आराखडा म्हणजे आयईपी, वैयक्तिक शिक्षण आराखडा. तो आईवडिलांबरोबर बसून बनवायचा असतो. तुमच्या मुलाची फाईल शाळेत असेल तर तिच्यात हा कागद आहे का ते जरूर पाहा. त्यातली वाक्यं मोजता येण्यासारखी नसतील तर नम्रपणे पण ठामपणे विचारा.

दोन आठवडे झाले आणि पाचवी पायरी हलत नाही असं नोंदींतून दिसलं, तर मुलाला दोष देत नाहीत. पायरीच फार उंच होती असं मानून ती आणखी फोडतात. मूल बोलत नसेल तर चार उंड्यांचं चित्र असलेलं कार्ड देतात. पदेरालाही सांगून ठेवतात की कार्ड दाखवल्याशिवाय उंडे देऊ नका. आणि हे सगळं जमलं तरी काम संपत नाही. पदेराकडे जमलं ते कोपऱ्यावरच्या दुकानात आपोआप जमेलच असं नाही. तिथे पुन्हा शिकवावं लागतं. बौद्धिक अपंगत्वात एका ठिकाणी आलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरणं हीच मोठी अडचण असते.

एका कोर्सचा केवढा भाग या एका उदाहरणात आला! वागण्याच्या प्रश्नांवरही हीच शिस्त लागते. मूल रोज गणिताच्या तासाला ओरडत असेल तर आधी काय घडलं, त्याने काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, हे तीन रकाने भरत जायचे. ओरडल्यावर त्याला बाहेर काढत असतील तर ओरडणं हा गणितातून सुटण्याचा त्याचा मार्ग आहे. मग रागवून काय उपयोग? त्याला गणित अवघड का जातं ते शोधायचं आणि ‘मला थोडं थांबायचंय’ हे सांगण्याची शांत पद्धत शिकवायची.

दृष्टी शाखेत भारती ब्रेल शिकावं लागतं. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट जुळण्या होतात आणि त्यांतच मराठी, कोंकणी, इंग्रजी, अंक, सगळं बसवायचं असतं. श्रवण शाखेत सांकेतिक भाषा आणि श्रवणयंत्राची देखभालही येते. सगळ्या शाखांत कोर्सचा मोठा भाग प्रत्यक्ष मुलांसोबत जातो: विशेष शाळेत, सर्वसाधारण शाळेत, मार्गदर्शकाच्या नजरेखाली. एका मुलाचा सविस्तर अभ्यास लिहून द्यावा लागतो. हा भाग व्हिडिओ बघून येत नाही. हात धरावा की धरू नये हे त्या क्षणी ठरवायचं असतं आणि चुकलं तर शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी बाईंनी लगेच सांगायचं असतं.

## वाचता न येणारी मुलगी आणि गोव्याचा भाषांचा गुंता

अध्ययन अक्षमतेची शाखा गोव्यात फार महत्त्वाची आहे असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आपली भाषांची परिस्थिती आहे. घरी कोंकणी, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी, पाचवीपासून बहुतेक ठिकाणी सगळे विषय इंग्रजीत. कामासाठी आलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी. सहावीतल्या मुलीचं इंग्रजी स्पेलिंग सतत चुकत असेल तर ती एलडी आहे, की तिला इंग्रजी नीट शिकवलंच गेलं नाही?

हे दोन प्रश्न पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ दोन्ही बाजूंनी नुकसान करते. पहिल्या बाबतीत भाषेमुळे मागे पडलेल्या मुलाला शिक्का बसतो. दुसऱ्या बाबतीत खरोखर अडचण असलेल्या मुलाला “इंग्रजी माध्यम झेपत नाही, होईल हळूहळू” म्हणून दोन-तीन वर्षं तसंच सोडलं जातं.

प्रशिक्षित शिक्षिका अशा मुलीला आधी तिच्या सगळ्यात पक्क्या भाषेत पाहते. गोष्ट सांगितली तर ती समजते का, स्वतःच्या शब्दांत परत सांगते का? सांगते. मग बुद्धीचा किंवा समजेचा प्रश्न नाही. आता कानाचं काम पाहायचं: “‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं?” “‘पाटी’ आणि ‘माती’ यांच्या शेवटी सारखं काय ऐकू येतं?” अक्षर न दाखवता विचारलेले हे प्रश्न पहिली-दुसरीतली मुलं सहसा खेळ म्हणून सोडवतात. चौथीतली मुलगी इथे अडली तर धागा सापडला. शब्द आवाजांचा बनलेला असतो हेच तिला नीट पकडता येत नाही, मग त्या आवाजांना अक्षरं कशी चिकटणार?

देवनागरीची स्वतःची वळणंही आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, पण उच्चारात ती ‘क’च्या नंतर आहे. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, दिसायला एकमेकांच्या शेजारचे. जोडाक्षरांत तर अर्धं अक्षर कुठे गेलं हेच शोधावं लागतं. अडचण मराठीतही आहे आणि इंग्रजीतही, असं दिसलं तर शंका बळावते; फक्त इंग्रजीत दिसली तर आधी इंग्रजी शिकवून पाहायचं. पक्कं निदान आणि दाखला हे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांचं काम आहे. पण त्यांच्यापर्यंत नेमक्या नोंदी नेणारी आणि दाखल्यानंतर रोज शिकवणारी व्यक्ती विशेष शिक्षक असते.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पालकांची धावपळ बऱ्याचदा दाखल्यापाशी संपते. दाखला मिळाला, परीक्षेला लेखनिक मिळाला, जादा वेळ मिळाला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मानक अपंगत्व असलेल्या परीक्षार्थीला तासामागे निदान वीस मिनिटं जादा मिळतात. तो हक्कच आहे, घ्यायलाच हवा. पण जादा वीस मिनिटांनी वाचता येऊ लागत नाही. तिला वाचायला कोणी शिकवलं? आवाज म्हणत, वाळूत बोट फिरवत, अक्षर डोळ्यांनी पाहत, एका वेळी एक जोडी पक्की करत, आठवड्यातून अनेकदा, छोट्या गटात? मोठं झाल्यावर परीक्षा संपतात, वाचायचं मात्र उरतंच.

## अशी मुलं वर्गात असली तर बाकीच्यांचं नुकसान नाही का?

पालकसभेत हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. तो विचारणाऱ्यांना वाईट ठरवून सोडून देणं बरोबर नाही. तीस मुलं, एक शिक्षक, आणि त्यात एक मूल सतत उठून पळणारं. मदतीला कोणी नाही. अशा वर्गात नुकसान होतंच. त्या मुलाचं सगळ्यात जास्त, मग शिक्षकाचं आणि मग बाकीच्यांचं.

पण याचं कारण मूल आहे की शाळेत नसलेला दुसरा माणूस? विशेष शिक्षक शाळेत असला की तो त्या मुलाला दिवसभर वेगळ्या खोलीत घेऊन बसत नाही. काही वेळ तो रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांसाठी साधनं ठेवलेल्या खोलीत, शिकवतो, काही वेळ वर्गातच बसतो आणि वर्गशिक्षकाबरोबर पाठ आखतो: सूचना तुकड्यांत द्यायच्या, फळ्यावर क्रम लिहायचा, गोष्ट सांगताना चित्र दाखवायचं. याचा फायदा मागच्या बाकावरच्या त्या मुलांनाही होतो ज्यांच्याकडे कुठलाच दाखला नाही.

## मग विशेष शाळा बंद होणार का?

नाही. मानक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या सर्वसाधारण शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या एकतिसाव्या कलमाने दिला आहे. निवड कुटुंबाची आहे. ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीचं संजय सेंटर, डिचोलीची केशव सेवा साधना अशा संस्थांनी सर्वसाधारण शाळांची दारं बंद असताना गोव्यातल्या मुलांना शिकवलं. तिथला अनुभव आता सर्वसाधारण शाळांतल्या विशेष शिक्षकांच्या कामी यायला हवा. बोलणं, चालणं, जेवणं यांतच खूप आधार लागणाऱ्या मुलांसाठी अशा शाळांची गरज आहेच.

## गोव्यात नोकरी आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात शिक्षक आणि विशेष विद्यार्थी यांचं प्रमाण ठरवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही सप्टेंबर २०२२ मध्ये तशी दुरुस्ती झाली: पहिली ते पाचवीत दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक, सहावी ते आठवीत पंधरांमागे एक. माध्यमिकलाही न्यायालयाने पंधरांमागे एक हेच प्रमाण सांगितलं आहे.

गोव्यात या हिशेबाला एक पेच आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इकडच्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत सगळी मिळून मुलं थोडी. अशा शाळेत विशेष गरजेचं मूल एखादंच असणार. शाळागणिक मोजलं तर तिथे पद येणारच नाही, आणि त्या एका मुलाला तर शिक्षक हवा आहे. म्हणून २०२१ च्या निकालात जवळजवळच्या शाळांच्या गटासाठी फिरत्या विशेष शिक्षकाची वाटही मान्य केलेली आहे. गोव्याचं अंतर पाहता ती नीट वापरता येण्यासारखी आहे. पण एका शिक्षकाकडे इतक्या शाळा दिल्या की प्रत्येक मुलाला पंधरवड्यातून एकदा भेट मिळाली, तर ती तपासणी झाली, शिकवणं नव्हे. वर पदेराच्या उदाहरणात नोंद रोज होती, हे आठवा. फिरता शिक्षक ठेवायचा तर आठवड्यातून दोन-तीनदा तो त्याच शाळेत यायला हवा, आणि मधल्या दिवशी काय करायचं ते वर्गशिक्षक आणि आई या दोघांना त्याने शिकवून ठेवायला हवं.

दुसरी अडचण कंत्राटाची. देशभर विशेष शिक्षक वर्षानुवर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर काम करत आले, म्हणून न्यायालयाने नियमित पदांवर भर दिला आणि आधीपासून काम करणाऱ्यांची पात्रता छाननी समितीने तपासावी असं सांगितलं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर दरवर्षी शिक्षक बदलणं हा मोठा तोटा आहे. जे मूल बोलत नाही त्याच्या खुणा ओळखायलाच काही महिने जातात. म्हणून पदं कायम असावीत ही मागणी शिक्षकांची जितकी आहे तितकीच पालकांचीही असायला हवी.

पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि अपंगत्वाचा विषय गोव्यात उघडपणे, आनंदाने बोलला जाऊ लागला, याचं मला मनापासून कौतुक आहे. आता तोच जोर शाळांतल्या पदांमागे लागला पाहिजे.

## “मन घट्ट नाही, मला जमेल का?”

मन घट्ट असण्याची अट कुठेच नाही. मुलाची प्रगती संथ असते, आणि जो शिक्षक नोंद ठेवत नाही तो त्या संथपणाने थकतो, कारण त्याला रोज सगळं तिथल्या तिथेच दिसतं. नोंद ठेवणाऱ्याला ‘हात धरून’च्या जागी ‘खुणेने’ आलेलं दिसतं आणि त्यावर पुढचे पंधरा दिवस निघतात. ज्याला बारीक निरीक्षणाची आवड आहे, लिहून ठेवायचा कंटाळा नाही आणि आईवडिलांशी खरं बोलता येतं, त्याने या कोर्सचा विचार करावा.

अर्ज भरण्यापूर्वी दोन ठिकाणी जाऊन या: एक विशेष शाळा आणि विशेष मुलं असलेली एक सर्वसाधारण शाळा. परवानगी घेऊन, शक्य असेल तर आठवडाभर. शाखा कुठली घ्यायची हे माहितीपत्रकावरून ठरत नाही. श्रवण शाखेच्या वर्गात बसल्यावर हातांची भाषा आपल्याला ओढून घेते की नाही, हे तिथेच कळतं. स्वमग्न मुलांच्या वर्गातला आवाज आणि धावपळ आपल्याला झेपते की नाही, हेही.

कॉलेज पाहायला गेलात तर इमारतीपेक्षा हे विचारा: प्रत्यक्ष सराव कोणत्या शाळेत होतो? तिथे एका विद्यार्थिनीच्या वाट्याला किती मुलं येतात? आमचा पाठ पाहायला कोण येतं, किती वेळा येतं? आधीच्या तुकडीतल्या मुली आता कुठे आहेत, आणि त्यांच्यापैकी एखादीशी बोलता येईल का? सरावशाळा कॉलेजापासून तासाभरापलीकडे असेल आणि पाठ पाहायला कोण येतं याचं उत्तर स्पष्ट मिळत नसेल, तर फी कितीही कमी असली तरी दुसरं कॉलेज शोधा.

कोर्स संपला की सीआरआर नोंदणी लांबवू नका. जाहिरातीची शेवटची तारीख नोंदणीच्या कागदांसाठी थांबत नाही. ही नोंदणी पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र जपून ठेवा.